कावीळ उतरली, पण लिव्हरचं काय?

पावसाळ्यात कावीळ झाली की आपल्याकडे गाडी आधी वळते ती गावठी औषध देणाऱ्याकडे. नाकात थेंब, गळ्यात माळ, वर तेला-तुपाचं पथ्य. आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना बरंही वाटतं. कारण खराब पाण्यातून होणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए आणि ई, बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआपच उतरते. श्रेय मात्र माळेला जातं. (गरोदर बाईला ई कावीळ जिवावर बेतू शकते, तिथे माळ-बिळ नकोच.)

गडबड होते ती वेगळ्याच काविळीत. तिचं नाव ऑटोइम्यून हिपॅटायटिस. यात कुठला जंतू नाही आणि दारूचाही संबंध नाही. शरीराची रोगाशी लढणारी ताकदच उलटी फिरून स्वतःच्या लिव्हरवर हल्ला करते. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो, आणि तो कुठल्याही वयात होऊ शकतो. एकाकडून दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे घरात ताट-वाटी वेगळी ठेवायची गरज नाही.

हा आजार दुर्मिळ समजतात. युरोपात लाखामागे साधारण १५ ते २५ रुग्ण आहेत. तोच दर धरला तर तीन लाख वस्तीच्या तालुक्यात ४५ ते ७५ जण निघतील. हा नुसता हिशोब आहे, मोजणी नव्हे. आपल्याकडचे आकडे मोठ्या दवाखान्यांत पोचलेल्या रुग्णांवरूनच येतात. जी बाई तालुक्याच्या पुढे गेलीच नाही, ती कुठल्याच आकड्यात नाही.

शिवाय हा आजार फसवा आहे. थकवा, सांधेदुखी, भूक मंदावणे एवढंच महिनोन्‌महिने चालतं. कावीळ येते, उतरते, परत येते. उतरली की औषध लागू पडलं असं वाटतं, पण आत लिव्हर कडक होत राहतं. निदान होतं तेव्हा साधारण तीनातल्या एका रुग्णाला सिरॉसिस झालेला असतो.

गुळवेलीचा वाद आठवत असेल. कोरोनाच्या काळात घरोघरी काढे झाले. २०२० च्या शेवटच्या महिन्यांत मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हर बिघडलेले सहा रुग्ण नोंदवले; आजाराचं रूप ऑटोइम्यूनसारखंच होतं. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये आक्षेप घेतला, दुसरीच वेल गुळवेल समजून घेतली असेल असं म्हटलं. नंतर देशातल्या १३ केंद्रांनी मिळून असे ४३ रुग्ण नोंदवले. गुळवेल सगळ्यांनाच बाधते असं नाही. पण ज्याचं लिव्हर आधीच बिघडलंय किंवा ज्याला थायरॉईडसारखा ऑटोइम्यून आजार आहे, त्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय ती घेऊ नये.

औषधाचं म्हणाल तर ते नवं नाही आणि महागही नाही. प्रेडनिसोलोन आणि अझाथायोप्रिन या गोळ्या पन्नासेक वर्षांपासून वापरात आहेत, दोन्ही सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. बहुतेकांचा आजार त्यावर आटोक्यात येतो. खर्च आणि हेलपाटा आहे तो तपासण्यांचा. एएनए, आयजीजी या रक्ताच्या तपासण्या आणि लिव्हरचा तुकडा काढून पाहणं, म्हणजे बायोप्सी, हे प्राथमिक आरोग्य केंद्रात होत नाही. जनआरोग्य योजना मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णाला कामी येते. दर महिन्याला रक्त तपासायला एसटीने जिल्ह्याला जाणाऱ्या बाईचा खर्च तिच्याच पदरचा. मोफत गोळीपेक्षा तालुक्यात रक्त तपासणीची सोय जास्त गरजेची आहे ती म्हणूनच.

बरं वाटलं की गोळ्या बंद करायची आपली सवय इथे महागात पडते. उपचार किमान तीन वर्षं, अनेकांना जन्मभर. बंद केल्यावर बहुतेकांचा आजार उलटतो, आणि स्टेरॉईड एकदम सोडणं तर धोक्याचंच. स्टेरॉईडने साखर वाढते, तोंड सुजतं, हाडं ठिसूळ होतात; अझाथायोप्रिनने पांढऱ्या पेशी उतरू शकतात, म्हणून सुरुवातीला रक्त वरचेवर तपासतात. दिवस गेले म्हणूनही मनाने गोळ्या सोडू नका, डॉक्टर त्या कमी-जास्त करून देतात.

कावीळ दुसऱ्यांदा आली, किंवा सहा महिने झाले तरी एसजीपीटी वाढलेलंच असेल, तर डॉक्टरला सरळ विचारा: ऑटोइम्यूनची तपासणी करायची का?