काटा मधोमध, तेल अजून गारच
बीएमडब्ल्यूच्या ई४६ पिढीतल्या एम३चा आरपीएम मीटर मला फार आवडतो. इंजिन गार असताना त्याच्या कडेला नारिंगी दिवे उजळलेले असतात. तेल तापत जाईल तसे ते एकेक करून विझतात आणि ८००० आरपीएमपर्यंतची वाट मोकळी होते. किती प्रामाणिक सोय! नाहीतर पाण्याचा काटा लवकर मधोमध येतो, आणि बऱ्याच गाड्यांत पाणी ८० अंशांवर असो की १०० वर, तिथून हलतच नाही. तेल मात्र मागे रेंगाळतं. या इंजिनातलं १०डब्ल्यू-६० तर गार असताना चांगलंच घट्ट. म्हणून दिवे विझेपर्यंत पाय हलका ठेवाच. ट्रॅकवरची शेवटची फेरीही सावकाश मारा. तापलेलं इंजिन एकदम बंद केलं की तेलाचं फिरणं थांबतं आणि उष्णता आतच कोंडते.