राखेचा चंद्र



चित्रकलेच्या तासाला आम्हाला 'चंद्रावरची जमीन' हा विषय मिळाला. मी नेहमीसारखा पिवळा गोल काढून त्याला नाक-डोळे काढले. गुरुजी हसून म्हणाले, "हा लांबून बघितलेला चंद्र. जवळ गेलं तर कसा दिसेल?" मग त्यांनी रंगपेट्या बाजूला ठेवायला लावल्या आणि दुसऱ्या दिवशी घरून गार राख, वाळू, लाकडाचा भुसा, अंड्याची टरफलं आणायला सांगितली.

आधी परातीत राख पसरून वरून एक खडा टाकला. खडा बोराएवढा, पण खड्डा त्याच्याहून मोठा पडला आणि भोवती राखेची कड उभी राहिली! चंद्रावरचे बहुतेक खड्डे असेच आकाशातून दगड आदळून झाले आहेत. तिथे वारा नाही, पाऊस नाही, म्हणून ते लवकर बुजत नाहीत. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवरसुद्धा असेच झाले. त्याचा खड्डा सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे आणि तो लाव्हारस थिजून झालेल्या काळ्या दगडात आहे. चंद्रावरचे काळे डाग म्हणजेही तसाच थिजलेला लाव्हारस.

मग पुठ्ठ्यावर खळ लावून आम्ही तशीच जमीन केली. माझी खळ पातळ झाली, म्हणून पहिला चंद्र गळून पडला. दुसरा टिकला. काहींनी गेरूने मंगळ केला. गेरूचा तांबडा रंग लोखंडाच्या गंजाचा असतो, मंगळाचाही तसाच.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चंद्रावर उतरले तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या होत्या. पण यानाचे पाय कसल्या बारीक भुकटीवर टेकले, ते मला राखेत बोट घातल्यावर कळलं.

घरी बाबा म्हणाले, "राखेत खेळायला शाळेत पाठवतो काय? त्यापेक्षा गणितं सोडव." बाबांचा राग मला समजतो. कपडे खरंच मळले होते. पण मला वाटते, हा खेळ नव्हता, अभ्यासच होता. पुस्तकातले खड्डे मी पाठ केले होते आणि विसरलेही होते. हा खड्डा मी विसरणार नाही.

आणखी एक गोष्ट. माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीकडे रंगपेटी नाही. चित्रकलेच्या तासाला ती खिडकीबाहेर बघत बसायची. त्या दिवशी वर्गात सगळ्यात बारीक चाळलेली राख तिची होती. सगळे तिच्याकडे मागायला गेले. राख सगळ्यांच्या घरी असते, रंगपेटी नसते. म्हणून महिन्यातून एक तास तरी असा असावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमची चित्रे व्हरांड्यात ठेवली आहेत. तिथे 'हात लावू नये' अशी पाटी नाही. पालकांनी जरूर हात लावून बघावे. राख सांडली तर आम्ही झाडून काढू.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी