कपड्यांचा हिशेब कुणी मागायचा?

रमजानचा शेवटचा आठवडा आला की शहापूरच्या बाजारपेठेत पाय ठेवायला जागा उरत नाही. मुरबाडचीही तीच तऱ्हा. ज्यांचे तेथे समाधान होत नाही ते कल्याण, उल्हासनगर, भिवंडी गाठतात. एकेका मुलाला ईदचे दोन-दोन जोड, शिवाय घरात लग्न असेल तर हळदीचा वेगळा, निकाहचा वेगळा, वलीम्याचा वेगळा. हे सारे पाहताना आम्हाला आमचे लहानपण आठवते आणि काही प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही.

आम्हा पाच भावंडांत नवा कपडा मिळे तो थोरल्या भाईजानला. अब्बा भिवंडीहून कापड आणत. शिंपीचाचा ते वाढत्या अंगाचे शिवत. पँटच्या पायाला आत चार बोटे कापड दुमडलेले असे. भाईजानला शर्ट तोकडा झाला की तो मधल्याकडे येई, मग त्याच्या पाठच्याकडे. कॉलर विरली की उसवून उलटी लावायची, गुडघा फाटला की फुल पँटची हाफ पँट करायची. शेवटी त्या शर्टाचे धाकट्या बहिणीसाठी झंपर होई. नानीचे लुगडे जुने झाले की त्याची गोधडी, गोधडी फाटली की पोतेरे. दारात बोहारीण आली तर भांड्याच्या बदल्यात द्यायला घरात एक धडका कपडा निघत नसे.

नानी जन्मभर लुगडे नेसली. आवणाच्या दिवसांत कासोटा घालून चिखलात उतरायची. घरी येऊन वजू करायची आणि अंगावर पांढरी चादर घेऊन नमाजाला उभी राहायची. शेजारच्या कुणबी बायका आणि ती एकाच दुकानातून लुगडे घेत. तिच्या इमानाविषयी गावात कुणाला शंका आली नाही, आणि ती कोण आहे हे तिच्या कपड्यांवरून ओळखण्याची गरजही कुणाला वाटली नाही.

ते दिवस सोन्याचे होते, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. गरिबीचे गोडवे गाणे हा पोट भरलेल्यांचा उद्योग आहे. उतरलेले कपडे घालताना लाज वाटायचीच. आणि त्या उतरणीतही न्याय नव्हता. धाकट्या बहिणीच्या अंगाला लग्नापर्यंत कोरे कापड लागले नाही. गावात शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीसाठी शहापूरला जायचे तर गणवेश नवा हवा होता. घरात सांगितले गेले, पैसे नाहीत. त्याच वर्षी एका भावाच्या गणवेशाचे पैसे मात्र निघाले. बहीण घरी बसली. तिचे शिक्षण धर्माने थांबवले नाही, एका गणवेशाने थांबवले. तो आम्ही भावांनी मुकाट्याने अंगावर चढवला, ही आमची कबुली आहे.

पुढे दिवस पालटले. १९७३ नंतर आखातात तेलाचा पैसा वाढला आणि कोकणी मुसलमानांची कितीतरी मुले तिकडे कामाला गेली. घराघरांत पैसा आला, त्याबरोबर तिकडचे अबायेही आले. नानीच्या लुगड्यानंतर अम्मीची पाचवारी साडी, मग सलवार-कमीज, मग काळा बुरखा, एवढे अंतर तीन पिढ्यांत कापले गेले. १९९२-९३ च्या दंगलींनंतर भेदरलेला समाज आपल्या मोहल्ल्यात अधिकच आक्रसला. भ्यालेला माणूस आपल्यासारख्याच दिसणाऱ्यांच्या जवळ सरकतो, हे आम्ही समजू शकतो. पण जे भीतीने आणि पैशाने आले ते जणू पहिल्यापासूनच चालत आलेले, असे सांगून मुलींच्या माथी मारले जाते, तेव्हा नानीच्या त्या लुगड्याची आठवण करून द्यावी लागते. नानी काय कमी मुसलमान होती?

दुसऱ्या बाजूचे शहाणपण तर याहून धन्य. २०१९ च्या डिसेंबरात झारखंडमधल्या एका सभेत खुद्द देशाच्या पंतप्रधानांनी, आगी लावणारे कोण ते कपड्यांवरून कळते, असे उद्गार काढले. ५ फेब्रुवारी २०२२ रोजी कर्नाटक सरकारने गणवेशाचा आदेश काढला आणि हिजाब घातलेल्या मुली वर्गाबाहेर राहिल्या. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचेही एकमत झाले नाही. २०२४ साली मुंबईतल्या एका महाविद्यालयाने हिजाबासोबत टोपीवरही बंदी घातली. उच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही, सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्टला तिला अंशतः स्थगिती दिली.

आमच्या त्या बहिणीची नात आज बुरखा घालून आसनगावहून लोकल पकडते आणि कल्याणच्या कॉलेजात जाते. घरचे म्हणतात, बुरखा घाल तरच जा. उद्या फाटकावरचा म्हणेल, बुरखा काढ तरच ये. या दोघांत फरक काय? आजीची शाळा गणवेश नाही म्हणून गेली. नातीची शाळा अंगावर काय आहे म्हणून जावी, आणि त्याला कुणी धर्मरक्षण म्हणावे, कुणी सुधारणा म्हणावे! आमचे म्हणणे एवढेच की तिने काय घालावे ते तिला ठरवू द्या. ठेवील तर तिची मर्जी, उतरवील तर तिची मर्जी. तुम्ही आम्ही तिच्या फीचे बघू.

वाजांमधून हजरत उमरची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. वाटणीत प्रत्येकाला सारखे कापड आले. उंचपुऱ्या खलिफांच्या अंगावर पुरा कुडता दिसताच एकाने भर सभेत विचारले, एवढे कापड आले कुठून? खलिफा रागावले नाहीत. त्यांचे पुत्र अब्दुल्ला उठले आणि म्हणाले, माझ्या वाट्याचे मी अब्बांना दिले. ही गोष्ट ऐकून आम्ही सुभानल्लाह म्हणतो आणि घरी जातो. त्या माणसाने कपड्याचा हिशेब मागितला तो सत्तेवर बसलेल्या पुरुषाकडे, आणि विचारले ते कापड कुठून आले हे. आम्ही हिशेब मागतो तो पंधरा वर्षांच्या पोरीकडे, आणि विचारतो की डोके किती झाकले.

हिशेब मागायचाच तर असा मागावा. मुलीच्या लग्नातले जोड कुणाच्या कर्जातून आले? किती गुंठे जमीन त्यासाठी गहाण पडली? इसराफ, म्हणजे उधळपट्टी, दीनला नामंजूर आहे, हे मिंबरवरून वर्षातून किती जुम्म्यांना सांगितले जाते? रसूलुल्लाह आपले कपडे स्वतः शिवत, ठिगळ लावत, ही सुन्नत कुठल्या पोराला शिकवली जाते? पायजमा घोट्याच्या वर हवा, हे मात्र प्रत्येकाला पाठ आहे.

आम्ही जुने कपडे पुन्हा घालायला सांगत नाही. मुलांनी नवे घालावे, अत्तर लावावे, ईद आनंदाने करावी. फक्त येत्या रमजानमध्ये बाजाराला निघण्यापूर्वी घरातल्या मुलीची फी भरली आहे की नाही तेवढे बघावे. नसेल तर आधी ती भरावी. एका ईदला जुना जोड धुऊन, इस्त्री करून घातला म्हणून कुणाची नमाज अडत नाही. आमची कधी अडली नाही.