विश्लेषण : पॅप तपासणी ‘नॉर्मल’, तरी त्रास कायम? गर्भाशयमुखाच्या दुर्मीळ गाठींत एमआरआय का महत्त्वाचा?

अंगावरून सतत पाण्यासारखे जाते, पण पॅप तपासणीचा अहवाल ‘नॉर्मल’ येतो. मग एक तर दुखणे अंगावर काढले जाते, नाही तर थेट पिशवी काढण्याचा सल्ला मिळतो. गाठ दुर्मीळ प्रकारची असेल तर हे दोन्ही मार्ग महागात पडू शकतात.

दुर्मीळ गाठी कोणत्या?

‘ग्लोबोकॅन २०२२’च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार महिलांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो आणि जवळपास ८० हजार महिला दगावतात. बहुतेक रुग्णांत तो एचपीव्ही विषाणूमुळे होतो. न्यूरोएंडोक्राइन गाठी, सार्कोमा, लिम्फोमा, मेलानोमा आणि ग्रंथींतून वाढणारा ‘गॅस्ट्रिक टाइप’ कर्करोग हे प्रकार मात्र क्वचित आढळतात.

चाचणीत त्या का निसटतात?

धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांहून अधिक महिलांचा समावेश असलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनेही या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटल्याचे त्यात दिसले. त्यामुळे चाचणी टाळू नयेच. पण ‘गॅस्ट्रिक टाइप’चा एचपीव्हीशी संबंध नसतो आणि तो आत खोलवर वाढतो. पॅप तपासणीत पृष्ठभागावरील पेशीच घेतल्या जातात, म्हणून तो निसटू शकतो.

एमआरआयमध्ये काय दिसते?

या तपासणीत क्ष-किरण वापरले जात नाहीत. गाठ केवढी आहे, किती खोल गेली आहे, आजूबाजूच्या ऊती, मूत्राशय किंवा गुदाशयापर्यंत पोहोचली आहे का, लसिका ग्रंथी वाढल्या आहेत का, हे त्यात कळते. ‘गॅस्ट्रिक टाइप’मध्ये अनेकदा पाण्याने भरलेल्या बारीक पुटकुळ्यांचा घोस आणि त्यात घट्ट भाग दिसतो. २०१८ पासून कर्करोगाचा टप्पा ठरवताना अशा प्रतिमांचा आधार घेण्यास ‘फिगो’ या आंतरराष्ट्रीय स्त्रीरोगतज्ज्ञ संघटनेने मान्यता दिली आहे.

मग बायोप्सी कशाला?

अहवालात ‘सिस्ट’ लिहिले म्हणजे कर्करोग नव्हे. ‘नॅबोथियन सिस्ट’ अनेक महिलांत असतात आणि त्या निरुपद्रवी असतात. गाठ कुठे आणि केवढी हे एमआरआय सांगतो. ती कसली हे बायोप्सीच सांगते. वरवरचा तुकडा पुरेसा नसेल तर खोलवरचा घ्यावा लागतो.

पिशवी काढण्याआधीच का?

बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. सरकारी पाहणीत अशा १३ हजारांहून अधिक शस्त्रक्रिया आढळल्या. विनाकारण अवयव गमावणे हा त्यातला एक धोका. दुसरा धोका असा, की कर्करोग लपलेला असताना साधी शस्त्रक्रिया झाली तर तो आत शिल्लक राहू शकतो. मग पुन्हा शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन घ्यावे लागते.

शिर्डी परिसरातील महिलांनी काय करावे?

शिर्डीत साईबाबा संस्थानची दोन रुग्णालये आहेत आणि राहाता तालुक्यातच लोणीला प्रवरा वैद्यकीय संस्था आहे. आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्यावे. एमआरआय त्यांच्या सल्ल्यानेच करावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणता खर्च बसतो, हे योजनेतील रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. शरीरात पेसमेकर किंवा धातूची वस्तू असल्यास एमआरआयआधी सांगावे. फिल्म, सीडी आणि बायोप्सीचा अहवाल जपून ठेवावा. मोठ्या रुग्णालयात जावे लागल्यास तोच कामी येतो.

संबंधानंतर किंवा पाळी बंद झाल्यावर रक्तस्राव, सतत पाण्यासारखे जाणे ही लक्षणे टिकून असतील, तर ‘नॉर्मल’ अहवालावर थांबू नये.