गुन्हा दाखल झाला, पण लेकराच्या मनाचं काय?

तिवसा : लहान मुलावर अत्याचाराची बातमी आली की गावात एकच चर्चा, आरोपीला शिक्षा काय? ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाला. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळावर उतरले. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला अन् लोकांसाठी विषय संपला. पण अशा लेकराचा उपचार तर त्यानंतरही चालतो.

असं लेकरू रात्री दचकून उठते, अंथरूण ओलं करते, शाळेला नाही म्हणते, नाही तर एकदम गप्प होते. कारण दुसरंही असू शकते, पण 'नजर लागली' म्हणून अंगारा लावण्याआधी प्रेमानं विचारपूस करावी. ही मनाची जखम असेल तर ती उपचाराने भरून येऊ शकते.

प्रशिक्षित समुपदेशक आधी लेकराला भीती आवरायला शिकवतो. लहानग्यांना खेळ, चित्रं यातून बोलतं करतो. मग झालेली गोष्ट त्याच्या कलाने, थोडी थोडी बाहेर येते. साधारण १२ ते १६ बैठका लागतात. आई-बापालाही सोबत बसवतात, कारण घरच्यांनी विश्वास ठेवला, 'तुझी चूक नाही' म्हटलं, तर लेकरू लवकर सावरते.

खरी अडचण इथंच येते. दर आठवड्याला तिवस्याहून अमरावती म्हणजे एक रोज बुडाला. कापूस वेचणीच्या दिवसांत कोण जाणार? दोन-तीन बैठकांनंतर जाणं बंद होते. वरून 'लोक काय म्हणतील' आहेच.

म्हणून हक्क माहीत पाहिजे. पोक्सो कायद्यानुसार पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवणं बंधनकारक आहे. तपास अन् खटल्यात सोबतीला समिती सहायक व्यक्ती देऊ शकते. पीडितावर सरकारी असो की खासगी, दवाखान्याने तातडीने मोफत उपचार करायचे असतात. मनोधैर्य योजनेच्या मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारावं. जाण्या-येण्याचा खर्च त्यातून काही तरी भागेल. तातडीची मदत १०९८ वर, मनाच्या त्रासाबद्दल मोफत सल्ला १४४१६ वर मिळतो.

गावानेही एक पथ्य पाळावं. लेकराचं नाव, फोटो, घर व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नये. तो गुन्हा तर आहेच, पण त्याच गल्लीतून त्या लेकराला उद्या शाळेत जायचं असते.