वाढलेलें नाक आणि लोकापवाद

पॅरिस येथील लूव्र संग्रहालयांत घिर्लान्दायो या इटालियन चित्रकाराचें सुमारें १४९० सालचें एक चित्र आहे. त्यांतील वृद्धाचें नाक गांठींनीं फुगून बेढब झालें आहे. तरी जवळचा बालक त्याच्या मुखाकडे निःशंकपणें पाहत आहे. जाणत्या माणसांची दृष्टि इतकी निर्मळ नसते. असें नाक दिसलें कीं, ‘गृहस्थ मद्यपी असावा’ अशी कुजबुज सुरू होते. ज्यानें जन्मांत मद्यास स्पर्श केला नाहीं, तोही मग मंगलकार्यास जाणें टाळतो व वैद्यासही तोंड दाखविण्यास लाजतो.

वस्तुतः हा त्वचेचा विकार आहे. चेहरा लाल करणारा ‘रोझेशिया’ नांवाचा रोग बळावला म्हणजे कित्येकांच्या, विशेषतः उतारवयांतील पुरुषांच्या, नाकावरील तेल स्रवणाऱ्या ग्रंथी वाढतात व त्वचा जाड होते. यासच ‘रायनोफायमा’ म्हणतात. मद्यानें चेहऱ्याची लाली वाढूं शकते. परंतु मद्य हें या विकाराचें कारण असल्याचें सिद्ध झालेलें नाहीं.

फार जाड झालेली त्वचा लेपांनीं ओसरत नाहीं. ती काढावी लागते. त्यासाठीं कार्बन डायऑक्साइड लेसरचा उपयोग होतो. तो १९६४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत कुमार पटेल यांनीं सिद्ध केला. त्यांचा जन्म बारामतीचा व शिक्षण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतलें, हें वाचून वाचकांस आनंद होईल. या लेसरचा अदृश्य किरण त्वचेंतील पाणी शोषून घेतें; त्याची वाफ होऊन एकेक थर निघून जातो. बारीक रक्तवाहिन्याही त्याच वेळीं मिटत असल्यानें रक्तस्राव थोडा होतो. नाक बधिर करून हें काम करतां येतें.

ग्रंथींचा तळ मात्र राखावा लागतो. कारण तेथूनच नवी त्वचा येते. किरण फार खोल गेल्यास वण राहतो, आणि सांवळ्या त्वचेवर रंग बदलण्याचें भय अधिक. म्हणून शस्त्रवैद्य अनुभवी पाहावा. जखम भरण्यास कांहीं आठवडे लागतात, लाली महिनोन् महिने राहूं शकते, व क्वचित् वाढ पुन्हां होते. वाढलेल्या भागांत कधीं कर्करोगही दडलेला असतो; संशय आल्यास आधीं तुकडा काढून तपासून घ्यावा.

घरांतील वडील मंडळींपैकीं कोणास हा विकार असेल, तर तरुणांनीं त्याची चेष्टा होऊं देऊं नये, व स्वतः सोबत जाऊन त्यांस त्वचारोगतज्ज्ञाकडे न्यावें.