कडी वाजवण्याचे चाळीस दिवस

या बुधवारी, १८ फेब्रुवारीला, नागपुरातल्या बऱ्याच कपाळांवर राखेचा क्रूस होता. मिस्सा संपवून माणसं ती राख तशीच ठेवून कामावर गेली, बाजारात गेली. तीनच दिवस आधी महाशिवरात्र झाली, तेव्हा शहरातल्या शिवमंदिरांतून लोक भस्म लावून परतले होते. गुरुवारी मोमिनपुऱ्यात पहिला रोजा झाला. एका शहरातल्या इतक्या वेगवेगळ्या घरांनी एकाच आठवड्यात उपाशी राहण्याचा संकल्प करावा, असा योग दरवर्षी येत नाही. मला हा आठवडा फार मोलाचा वाटतो.

राखेच्या बुधवारी सुरू होणाऱ्या या दिवसांना आम्ही ख्रिस्ती लोक उपवासकाळ म्हणतो, बोलताना लेंट. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजलं तर ४६ दिवस भरतात. त्यातले सहा रविवार सोडायचे, कारण रविवार पुनरुत्थानाचा, त्या दिवशी उपास नाही. उरतात ४०, येशूने रानात उपाशीपोटी काढले तेवढेच. आमची ही गणनाही चंद्रावरच चालते. २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेमागून येणारा रविवार म्हणजे ईस्टर. यंदा २ एप्रिलला चैत्र पौर्णिमा, म्हणजे हनुमान जयंती. दुसऱ्या दिवशी उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, आणि ५ एप्रिलला ईस्टर.

बुधवारची ती राखही मागच्या वर्षातून येते. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी हातात धरलेल्या झावळ्या लोक घरी जपून ठेवतात. वर्षभराने त्या चर्चमध्ये परत येतात, जाळल्या जातात आणि त्यांचीच राख कपाळाला लागते. आपण मातीचे आहोत, मातीतच जायचं आहे, एवढी आठवण करून देऊन फादर पुढच्या माणसाकडे वळतात. त्या रांगेत डॉक्टर असतो, निवृत्त रेल्वे गार्ड असतो, घरकाम करणारी बाई असते. राख सगळ्यांना सारखीच लागते. आमच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांपैकी काहींत राख लावतात, काहींत नाही, पण बुधवारची उपासना बऱ्याच ठिकाणी होते.

त्या दिवसापासून चर्चचं रूप बदलतं. वेदीवर जांभळं कापड येतं, फुलं जातात. लग्नाच्या तारखा कोणी काढत नाही. ‘हालेलुया’ हा शब्द कॅथलिक उपासनेतून ईस्टरपर्यंत बाजूला ठेवला जातो. शुक्रवारी संध्याकाळी उन्हं उतरली की येशूचा शेवटचा प्रवास आठवत क्रुसाची वाट चालायची, चौदा ठिकाणी थांबत, गुडघे टेकत. भगिनी मंडळाच्या बैठका सुरू होतात. उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीनच्या उपासनेत येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर कोण कोण बोलणार, याची यादी पाळकसाहेब आत्तापासूनच करू लागतात. गायनमंडळी पेटी घेऊन बसते. दहावी-बारावीची मुलं परीक्षेच्या धावपळीत असतात, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी प्रार्थना होते. घराघरांत कोणी चहा सोडतो, कोणी सावजी मटण सोडतो, कोणी मोबाइलवरच्या मालिका सोडतो.

हे सगळं चांगलंच आहे. पण इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर माझं एक मत पक्कं झालं आहे. उपवासकाळातलं सगळ्यांत मोठं काम चर्चच्या इमारतीत होत नाही. ते होतं कुणाच्या तरी घराची कडी वाजवून आत गेल्यावर.

गृहप्रार्थना हा आमच्या मराठी मंडळ्यांचा जुना रिवाज. आठवड्यातल्या ठरलेल्या वारी दहा-पंधरा माणसं एखाद्या घरी जमतात. एक गीत, शास्त्रातला एक उतारा, थोडं मनन, घरच्यांच्या नावाने प्रार्थना आणि मग चहा. तासाभरात सगळं आटोपतं. उपवासकाळात या प्रार्थना वाढतात आणि ज्या घरी एरवी कोणी जात नाही तिथेही जाण्याचं निमित्त मिळतं. नागपुरात अशी घरं फार झाली आहेत. मुलं पुण्याला, बंगळुरूला, आखातात, कॅनडात. सदर, मोहन नगर, मेकोसाबाग, जरीपटका या भागांतल्या जुन्या घरांत एकटे आई-वडील, नाहीतर त्यांच्यातलं एकच कुणीतरी उरलेलं. रविवारची उपासना आता मोबाइलवर दिसते, गीतं ऐकू येतात. पण मोबाइल ‘गुडघा कसा आहे’ असं विचारत नाही. फ्रिज रिकामा आहे, औषधाची पट्टी संपली आहे, आठवडाभर घराबाहेर पडणं झालेलं नाही, हे मोबाइलला कळत नाही. ते कळायला तिथल्या खुर्चीवर जाऊन बसावं लागतं.

मागच्या उपवासकाळात आम्ही एका आजींकडे प्रार्थनेला गेलो होतो. वेळ संध्याकाळी सातची होती. आजींनी दुपारी चारलाच वऱ्हांड्यात खुर्च्या मांडल्या होत्या. स्वतःकडे दोनच होत्या, बाकीच्या समोरच्या घरून आणलेल्या. “या न जी, आत या, बाहेर कशाला उभं राहता,” म्हणत त्यांनी प्रत्येकाचा हात हातात घेतला. समोरच्या घरातल्या काकू बौद्ध. त्यांच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. खुर्च्या पोचवायला आल्या आणि प्रार्थना संपेपर्यंत दाराशी बसून राहिल्या. रोज सकाळी आजींचं दार उघडलं की नाही, हे त्याच बघतात, असं नंतर कळलं. त्या संध्याकाळी आमच्या मंडळीतल्या दोघींनी काकूंचा फोन नंबर घेतला. उपवासकाळाने घडवलेलं एवढंसं काम. पण पुढे आजी घसरून पडल्या, तेव्हा पहिला फोन त्याच नंबरवरून आला.

क्रुसाच्या वाटेवरची चौदा ठिकाणं मला अलीकडे वेगळी दिसू लागली आहेत. त्यातल्या तीन ठिकाणी येशूला रस्त्यावरची माणसं भेटतात. पाचव्या ठिकाणी कुरेनेकर शिमोन त्याचा क्रूस उचलतो. सहाव्या ठिकाणी वेरोनिका गर्दीतून पुढे येऊन त्याचा चेहरा पुसते. आठव्या ठिकाणी यरुशलेमच्या रडणाऱ्या बाया भेटतात. यांतला शिमोन मला सगळ्यांत जवळचा. तो शेतावरून येत होता, स्वतःच्या कामाला निघालेला, आणि शिपायांनी त्याला धरून आणून त्याच्या खांद्यावर क्रूस दिला. तो स्वखुशीने पुढे आलेला नव्हता. तरी भार हलका झालाच. कुणाला भेटायला जायचा कंटाळा येतो, दिवसभराच्या कामाने पाय दुखतात, मार्चमधल्या नागपूरच्या उकाड्यात घराबाहेर पडावंसं वाटत नाही. अशा वेळी मनात उमाळा येईपर्यंत थांबायचं कारण नाही. शिमोनला तरी कुठे उमाळा आला होता? त्याने क्रूस उचलला आणि त्याचं नाव आजही घेतलं जातं.

आणि नागपुरातल्या ख्रिस्ती जीवनाचा इतिहास तरी दुसरा काय आहे? तोही चालत जाऊन भेटणाऱ्यांचाच. कामठीची छावणी १८२१ मध्ये वसली. तिथल्या मद्रासी पलटणींतल्या कॅथलिक शिपायांना आणि त्यांच्या बायकामुलांना भेटत, फ्रान्सिस डी सेल्स संघाच्या फादरांनी या भागातलं काम उभं केलं. पुढे १८८७ मध्ये नागपूरचा धर्मप्रांत झाला. स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. ते मराठी शिकले, गोंडांमध्ये फिरले, इथले खडक आणि जीवाश्म अभ्यासले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून बोरीकडे परतताना पाण्याने फुगलेल्या ओढ्यात ते बुडाले. त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ पासून शहरात उभं आहे. पण आयुष्याचा मोठा भाग त्यांनी रस्त्यावर, गावागावांतून घालवला, हे त्या नावामागचं खरं कारण.

नारायण वामन टिळकांची गोष्ट तर आपल्याकडे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे घरोघरी माहीत आहे. नागपुरात ते अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने राहिले, ‘ऋषी’ मासिक चालवलं. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी युरोपियन प्रवाशाशी त्यांचं बोलणं झालं. त्याने त्यांना नवा करार वाचायला दिला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. आज उपवासकाळातल्या कुठल्याही मराठी उपासनेत ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक उघडलं की टिळकांची गीतं समोर येतात. त्या प्रवाशाने शेजारी बसलेल्या माणसाची आपुलकीने चौकशी केली नसती, तर मराठी भक्तिगीताचं हे दालन कदाचित उघडलंच नसतं.

म्हणून भेटायला जायचं. पण कोणाकडे? इथे आपण सगळ्यांनीच थोडं थांबून विचार करावा, असं मला मनापासून वाटतं. भेटींची यादी करताना हात आपोआप ओळखीच्या नावांकडे जातो. नातेवाईक, एकाच गावाकडून आलेले, एकाच जातीतून आलेले, ज्यांच्या घरी पंखा आणि पुरेशा खुर्च्या आहेत असे. नाल्यापलीकडच्या वस्तीतलं एका खोलीचं घर यादीच्या तळाशी जातं आणि ईस्टर येऊन जातं. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात धुतली जाते असं आपण सांगतो. ते खरं करून दाखवायची जागा हीच यादी आहे.

भिंती पडू शकतात, हे नागपूरने पाहिलेलं आहे. वेगवेगळ्या चर्चच्या एकीकरणासाठी १९२९ मध्ये सुरू झालेल्या बोलण्यांचा शेवट याच शहरात झाला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स अशा वेगवेगळ्या परंपरांतल्या सहा मंडळ्या नागपुरात एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. बिशप असावेत की नसावेत, बाप्तिस्मा बाळपणी द्यावा की मोठेपणी, अशा प्रश्नांवर आयुष्यभर वेगळं राहिलेली माणसं एका नावाखाली आली. अमेरिकन मेथडिस्ट परंपरेची मंडळी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिली, त्यामुळे मेकोसाबागेतले मेथडिस्ट आजही वेगळे आहेत. तरीही मार्चच्या पहिल्या शुक्रवारी, जागतिक महिला प्रार्थना दिनाला, वेगवेगळ्या चर्चच्या बायका एका छताखाली बसतात. १९२७ पासून हा दिवस जगभर पाळला जातो. दरवर्षी एका देशाच्या बायका त्याची उपासना लिहितात आणि बाकीचं जग ती करतं. यंदा ६ मार्चला नायजेरियातल्या बायकांनी लिहिलेली उपासना आहे. भार वाहून थकलेल्यांना विसावा देण्याचं येशूचं वचन, हा तिचा विषय. डोक्यावर शब्दशः ओझी वाहणाऱ्या बायकांनी ती लिहिली आहे. आपल्या घरी भांडी घासून थकलेली बाई त्या दिवशी आपल्याच बाकावर, आपल्या शेजारी बसलेली असावी, अशी माझी इच्छा आहे.

राहिला प्रश्न उपासाचा. कॅथलिक चर्चचा नियम सोपा आहे: राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार या दोन दिवशी १८ ते ५९ वयाच्या निरोगी माणसांनी उपास करायचा. बाकी दिवसांचा उपास ज्याच्या त्याच्या भक्तीवर. पण येशूने डोंगरावरच्या प्रवचनात दान, प्रार्थना आणि उपास या तिन्हींबद्दल एकामागोमाग सांगितलं आहे. यशया संदेष्टा तर त्याही आधी, आपली भाकर भुकेल्यासोबत वाटून खाणं आणि बेघराला घरात घेणं यालाच देवाला आवडणारा उपास म्हणून गेला. सोडलेल्या मटणाचे पैसे कुठे गेले, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावं. ते खिशातच राहिले तर झाली ती फक्त बचत. ते कुणाच्या औषधाला गेले, कुणाच्या परीक्षेच्या फीला गेले, तर तो उपास देवापर्यंत पोचला. काही पॅरिशमध्ये शुक्रवारी क्रुसाच्या वाटेनंतर सगळे मिळून साधी खिचडी खातात आणि रात्रीच्या जेवणाचा वाचलेला खर्च पेटीत टाकतात. हा रिवाज प्रत्येक मंडळीने उचलावा. त्यातला एक डबा शेजारच्या रोजेदाराकडे संध्याकाळी गेला, तर या वर्षीच्या योगाचंही सोनं होईल.

उत्तम शुक्रवारच्या आधी अजून पाच शुक्रवार आहेत. प्रत्येक मंडळीने, प्रत्येक पॅरिशने आणि ख्रिस्ती नसलेल्या माझ्या वाचकांनीही वाटलं तर, या पाच शुक्रवारांसाठी पाच घरांची यादी करावी. एक घर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं. एक आजाऱ्याचं. एक आपल्यापेक्षा गरिबाचं. एक वेगळ्या धर्माच्या शेजाऱ्याचं. आणि पाचवं घर ज्याच्याशी आपलं बोलणं बंद आहे त्याचं. हे पाचवं नाव यादीत सगळ्यांत वर लिहावं आणि पहिल्याच शुक्रवारी तिथे जावं. पाय निघणार नाहीत. तरी जावं.